विजेची सिगारेट : पहिलें साधन कसें निवडावें?

आपल्या पांढरपेशा घरांतून तंबाखू कधीं नव्हतीच, असें म्हणणें धाडसाचें होईल. आजोबांच्या उशाशीं तपकिरीची डबी असे, माजघरांत एखादी आत्याबाई पहांटे मिस्री लावीत असे, आणि जेवणानंतर पानाच्या तबकांतून कोणी चिमूटभर तंबाखू उचलली तर तिकडे कोणी मुद्दाम पाहात नसे. सिगारेट मात्र उंबऱ्याच्या आंत येत नसे. ती ओढावयाची ती गच्चीवर, नाहीं तर गल्लीच्या टोंकाशीं. आणि परत येतांना तोंडांत वेलदोडा टाकून. ज्या घरांतील मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं गेलीं, त्यांची गच्ची गेली, गल्ली गेली. सिगारेट तेवढी राहिली. आमचें घर अशांपैकींच एक होय.

आम्ही दोघे भाऊ गेलीं वीस वर्षें लंडनच्या एका उपनगरांत एकाच घरांत राहतों. दादा माझ्याहून नऊ वर्षांनीं वडील. इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहांत लागलेली सिगारेट त्यांना तेहेतीस वर्षें सुटली नव्हती. रोजच्या वीस ठरलेल्या. पन्नाशी उलटल्यावर जिना चढतांना त्यांना धाप लागूं लागली, तेव्हां एके दिवशीं वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, माझें सांगून झालें, मुलांचें रडून झालें. आतां तुम्हीच कांहीं तरी मार्ग काढा.” निकोटिनच्या पट्ट्या व गम हे उपाय दादांनीं पूर्वीं दोनदां करून सोडले होते. उरली होती ती विजेची सिगारेट. ती निवडतांना आमच्या हातून जी चूक झाली व पुढें जें शिकावयास मिळालें, तें इतर कुटुंबांस उपयोगी पडावें म्हणून हा लेख.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतांत या वस्तूस कायद्यानें पूर्ण बंदी आहे. सप्टेंबर 2019 मध्यें प्रथम वटहुकूम निघाला व त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा कायदा झाला. त्यान्वयें तिचें उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात व सांठा हे सर्व गुन्हे ठरतात. तेव्हां पुढील विवेचन ब्रिटनमध्यें राहणाऱ्या व तेथील नियमांखालीं ती विकत घेणाऱ्या माणसांपुरतें आहे. मायदेशांतील वाचकांनीं काय करावें, तें शेवटीं सांगितलें आहे.

ही वस्तु कोणासाठीं?

कोणतें साधन घ्यावें हा दुसरा प्रश्न झाला. घ्यावें कीं नाहीं, हा पहिला. आणि त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येतें : जो प्रौढ माणूस आज सिगारेट ओढतो व ती सोडूं इच्छितो, त्यानेंच हिचा विचार करावा. जो ओढत नाहीं त्याच्यासाठीं चांगलें साधन असें कांहीं नाहींच.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटनमध्यें रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघां संशोधकांनीं 1950 सालीं आकड्यांनिशीं दाखवून दिला. पुढें 1976 मध्यें मायकेल रसेल या लंडनमधील मानसोपचारतज्ज्ञानें असा विचार मांडला कीं, माणूस सिगारेट ओढतो तो निकोटिनसाठीं. पण त्याचा जीव घेते ती धुरांतील डांबरासारखी राळ. म्हणजे व्यसन जडविणारा पदार्थ एक आणि मारणारे पदार्थ बव्हंशीं दुसरे. पान जळलें कीं कार्बन मोनॉक्साईड व हजारों रसायनें निर्माण होतात. विजेच्या सिगारेटींत कांहीं जळत नाहीं; निकोटिन मिसळलेलें द्रव तापून त्याची वाफ होते. यावरून 2016 सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या जुन्या संस्थेनें असें मत दिलें कीं, या वाफेचा दीर्घकालीन अपाय धुराच्या अपायाच्या शेंकडा पांचांहून अधिक असण्याचा संभव कमी आहे.

परंतु कमी अपाय म्हणजे निरपाय नव्हे. ही वस्तु बाजारांत येऊन जेमतेम वीस वर्षें झालीं. तिचा चाळीस वर्षांचा परिणाम कोणी पाहिलेला असणें शक्यच नाहीं. निकोटिनचें व्यसन तर हिच्यांतही जडतें. तेव्हां जळत्या घरांतून बाहेर पडण्यास शिडी उपयोगी, एवढाच हिचा महिमा. ज्याचें घर जळत नाहीं, त्यानें शिडीवर चढण्याचें कारण नाहीं.

यंत्राची रचना

हान लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें 2003 च्या सुमारास आजच्या पद्धतीचें उपकरण तयार केलें. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता व त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानें वारले होते. त्याहीपूर्वीं अमेरिकेंत हर्बर्ट गिल्बर्ट यानें धुराविना सिगारेटीचें पेटंट 1965 सालीं मिळविलें होतें. पण ती कल्पना बाजारांत रुजली नाहीं.

यंत्रांत मुख्य अंगें चार. एक बॅटरी, दुसरी द्रवाची छोटी टाकी, तिसरी कॉइल, म्हणजे कापसाच्या वातीभोंवतीं गुंडाळलेली तार, आणि चौथें तोंडांत धरावयाचें टोंक. आपल्या समईंत वात जसें तेल शोषून घेते, तसा कापूस द्रव शोषून घेतो व तापलेली तार त्याची वाफ करते. द्रवांत प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, स्वादाचे अर्क व निकोटिन हे पदार्थ असतात. पहिल्यानें घशाला ठोका जाणवतो, दुसऱ्यानें वाफ दाट होते.

तारेचा विद्युत्‌रोध ओहम या एककांत मोजतात. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम येथें कामास येतो : रोध जितका कमी तितका प्रवाह अधिक, उष्णता अधिक व वाफही अधिक. साधारण 3.7 व्होल्टच्या बॅटरीवर एक ओहमची तार सुमारें 14 वॅट शक्ति घेते. तीच तार अर्ध्या ओहमची असेल तर सुमारें 27 वॅट. हा एवढा हिशेब ध्यानांत ठेविला म्हणजे दुकानांतील निम्मा गोंधळ मिटतो.

आमची चूक

2023 च्या जानेवारींत आम्ही दोघे भाऊ एका दुकानांत गेलों. विक्रेता तरुण व उत्साही होता. त्यानें कांचेच्या मोठ्या टाकीचें, दोन सुट्या बॅटऱ्यांचें, रंगीत पडदा असलेलें एक जड यंत्र पुढें केलें व सोबत दर मिलिलिटरला 3 मिलिग्रॅम निकोटिन असलेलें द्रव दिलें. “नवख्यानें सौम्यापासून आरंभ करावा,” हें त्याचें म्हणणें आम्हांस पटलें. कारण औषध थोड्यापासून सुरू करावें हें आपण लहानपणापासून ऐकत आलेलों आहों.

घरीं आल्यावर दादांनीं सिगारेटीसारखा झुरका घेतला आणि त्यांना ठसका लागला. यंत्र होतें श्वासाबरोबर वाफ थेट छातींत ओढणाऱ्यांसाठीं बनविलेलें. दादांची तेहेतीस वर्षांची संवय धूर आधीं तोंडांत घेऊन मग छातींत सोडण्याची. खोली ढगांनीं भरली, पण तलफ भागेना. आठव्या दिवशीं यंत्र खणांत पडलें व दादा पुन्हां मागील दारीं, पावसांत, सिगारेट घेऊन उभे. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणें मला अधिक लागलें, कारण यंत्र निवडणारा मी होतों.

अशा रीतीनें वायां गेलेला प्रयत्न केवळ पैशानें मोजूं नये. “हाही उपाय करून पाहिला, माझ्या नशिबीं सुटणें नाहीं,” अशी माणसाची खात्री होऊन बसते. आणि मग पुढील प्रयत्नास त्याला तयार करणें दुप्पट कठीण जातें.

योग्य निवड

मार्चमध्यें वहिनींनीं स्वतःच डॉक्टरांकडून चौकशी करून दादांना धूम्रपान सोडण्यास मदत करणाऱ्या सरकारी सेवेकडे नेलें. तेथील बाईंनीं यंत्राचें नांवही काढण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारले : दिवसास किती ओढतां? आणि सकाळीं उठल्यापासून किती वेळानें पहिली पेटवितां? दादा म्हणाले, “वीस, आणि चहा उकळण्यापूर्वीं.” त्यावर त्या म्हणाल्या, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आंत ज्याला सिगारेट लागते, त्याची निकोटिनची गरज मोठी, त्याला सौम्य द्रव देणें म्हणजे भुकेल्यास ताटांत केवळ लिंबू वाढणें. (लिंबाची उपमा माझी, अर्थ त्यांचा.)

त्या बैठकींत व पुढील अनुभवांत जें उमगलें, तें क्रमानें सांगतों.

पहिलें, झुरक्याची जात. सिगारेटीहून येणाऱ्या बहुतेक माणसांस तोंडांत घेऊन मग छातींत सोडण्याचीच संवय असते. त्यांनीं घट्ट झुरक्याचें, एक ओहम किंवा त्याहून अधिक रोधाची कॉइल असलेलें लहान उपकरण घ्यावें. दादांना 1.2 ओहमची कॉइल मिळाली. मोठ्या ढगांचीं यंत्रें नवख्यासाठीं नव्हेत.

दुसरें, निकोटिनचें प्रमाण. ब्रिटनमध्यें 2016 च्या नियमांनीं दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे. रोज वीस ओढणाऱ्यानें या मर्यादेच्या जवळून, म्हणजे 18 ते 20 पासून आरंभ करणें ठीक. दहाच्या आंत ओढणाऱ्यास 10 ते 12 बहुधा पुरतें. डोकें हलकें होणें वा मळमळणें हें प्रमाण अधिक झाल्याचें लक्षण. तलफ न भागणें हें कमी पडल्याचें. निकोटिनचें द्रव दोन प्रकारचें मिळतें : एक जुन्या पद्धतीचें व दुसरें क्षाररूप, ज्याला तेथें ‘निक सॉल्ट’ म्हणतात. जोरकस प्रमाणांत दुसरें घशाला मऊ लागतें, म्हणून दादांना तेंच मानवलें.

तिसरें, द्रवाचा दाटपणा. लहान कॉइलची वात दाट द्रव वेळेवर शोषूं शकत नाहीं. बाटलीवर प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचें प्रमाण छापलेलें असतें. लहान उपकरणास निम्मेंनिम्में योग्य. सत्तर टक्के ग्लिसरीनचें द्रव घातल्यास जळकी चव येण्याचा संभव.

चौथें, सोपेपणा. बॅटरी आंतच बसविलेली व साध्या तारेनें चार्ज होणारी असावी. गुंड्या जितक्या कमी तितकें बरें. झुरका घेतांच चालू होणारें उत्तम. पुन्हां भरतां येणारेंच घ्यावें. वापरून टाकून देण्याचीं उपकरणें ब्रिटनमध्यें 1 जून 2025 पासून विकण्यास मनाई आहे.

पांचवें, खरेदीची जागा. कायद्याप्रमाणें टाकी 2 मिलिलिटरहून व निकोटिनयुक्त द्रवाची बाटली 10 मिलिलिटरहून मोठी असूं नये. याहून मोठी टाकी किंवा अधिक जोरकस द्रव कोणी स्वस्तांत देऊं लागला, तर माल चोरटा समजावा. 2019 सालीं अमेरिकेंत वाफ ओढणाऱ्यांमध्यें फुप्फुसाच्या विकाराची जी साथ उद्भवली, तींत फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 माणसें दगावल्याची नोंद झाली. तिचा मुख्य संबंध चोरट्या बाजारांतील गांजाच्या अर्काशीं व त्यांत भेसळ केलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या एका संयुगाशीं आढळला. ओळखीच्या माणसाकडून सुटें द्रव कधींही घेऊं नये, हा त्यांतील धडा.

सहावें, वापरण्याची रीत. नवी कॉइल बसविल्यावर तिच्या वातीस द्रवाचे दोन थेंब लावून, टाकी भरून दहा मिनिटें तसेंच ठेवावें. कोरड्या कापसावर झुरका घेतला कीं कॉइल करपली. चव बिघडली म्हणजे, साधारण एकदोन आठवड्यांनीं, ती बदलावी. घसा कोरडा पडतो, म्हणून पाणी वरचेवर प्यावें.

आणि सातवें, जें सर्वांत महत्त्वाचें : मुदत. दोन्ही बरोबर चालूं ठेवणें ही फसवणूक होय. सकाळ-संध्याकाळ दोनच सिगारेटी ठेवल्या म्हणून हृदयाचा धोका त्या प्रमाणांत उतरत नाहीं. पहिल्या आठवड्यांत दोन्ही चालतील. पण शेवटच्या सिगारेटीची तारीख पंचांगावर मांडून ठेवावी. दादांनीं गुढीपाडव्याचा दिवस धरला. तो हुकला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत मात्र शेवटची सिगारेट ओढून झाली; त्यानंतर आजवर नाहीं.

यशाची अपेक्षा किती धरावी, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ब्रिटनमधील 886 धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग 2019 सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास पुन्हां भरतां येणारें साधें उपकरण व 18 मिलिग्रॅमचें द्रव दिलें. दुसऱ्या गटास पट्ट्या, गम वगैरे. दोघांसही दर आठवड्यास समुपदेशन. वर्षानंतर पहिल्या गटांत शेंकडा 18 व दुसऱ्यांत 9.9 माणसें सिगारेटीपासून दूर होतीं. म्हणजे यश जवळजवळ दुप्पट. पण शंभरांत ब्याऐंशी जणांना अपयशच. शिवाय पहिल्या गटांतील यशस्वी माणसांपैकीं शेंकडा 80 जण वर्षानंतरही वाफेचें उपकरण वापरीतच होते. दादाही त्यांतलेच. आज ते 6 मिलिग्रॅमवर आले आहेत, पूर्ण सुटलेले नाहींत. जिना मात्र न थांबतां चढतात.

घरांत ठेवतांना

एकत्र कुटुंबांत एकाची वस्तु ती सर्वांची होते, हें विसरूं नये. 20 मिलिग्रॅमच्या 10 मिलिलिटर बाटलींत 200 मिलिग्रॅम निकोटिन असतें. लहान मुलानें तें प्यायल्यास प्राणावर बेतूं शकतें. बाटली औषधांप्रमाणें कुलपांत असावी. कातडीस सांडल्यास तत्काळ धुवावें. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून निजूं नये.

लहानांइतकेंच जपावें तें वाढत्या मुलांस. आमचा पुतण्या सोळा वर्षांचा. एकदां तें उपकरण हातांत घेऊन तो म्हणाला, “काका, याला तर आंब्याचा वास येतो!” त्या दिवसापासून दादांनीं स्वाद बदलून तंबाखूचा घेतला व मुलांस बोलावून सांगितलें, “हें माझ्या चुकीचें औषध आहे. ज्यानें चूक केली नाहीं त्यानें औषध घेऊं नये.” ब्रिटनमध्यें अठराच्या आंतील मुलांस ही वस्तु विकणें गुन्हा आहे, परंतु कायद्याहून वडील माणसाची ही कबुली मुलाच्या मनांत अधिक खोल गेली असावी.

मायदेशीं येतांना

त्याच वर्षीं गणपतीस पुण्यास यावयाचें ठरलें, तेव्हां दादांनीं उपकरण सामानांत घातलें होतें. मीं तें काढावयास लावलें. भारतांत तें आणणें म्हणजे बंदी असलेल्या मालाची आयात. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. “तीन आठवडे कसे जाणार?” या त्यांच्या चिंतेवर पट्ट्या व गम यांनींच तोड निघाली. तेच उपाय पूर्वीं दोनदां फसले होते. या वेळीं धूर पांच महिने आधींच सुटलेला असल्यामुळें पुरले. आईला मात्र कांहीं कळलें नाहीं. “दादाच्या अंगाला तो वास येत नाहीं रे आतां,” एवढेंच ती मला म्हणाली.

भारतांतील ज्या वाचकांच्या घरीं कोणी ओढणारा असेल, त्यांनीं परदेशांतून हें यंत्र मागवूं नये. निकोटिनचा गम व पट्ट्या औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि 1800-11-2356 या सरकारी विनामूल्य दूरध्वनीवर सल्ला मिळतो. गरोदर स्त्रीनें, तसेंच हृदयविकार वा इतर औषधें चालूं असलेल्यानें डॉक्टरांस विचारल्याविना कोणताही प्रयोग करूं नये. धूर सुटल्यावर कांहीं औषधांचें प्रमाणही बदलावें लागतें.

शेवटीं घरच्या मंडळींस एक विनंति. ओढणारा माणूस एकदां फसला म्हणून त्याला बोल लावूं नका, आणि दुकानदारानें हातीं दिलेलें पहिलेंच यंत्र घेऊन परतूं नका. तो किती ओढतो, पहिली केव्हां पेटवितो, झुरका कसा घेतो, हें आधीं त्याच्याजवळ बसून विचारा. आमच्या घरीं हे प्रश्न तेहेतीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. आम्ही सर्वजण “सोडा” एवढेंच म्हणत आलों होतों.